रंगांतले मौन : वासुदेव गायतोंडे

भारतीय आधुनिक चित्रकलेत ज्यांचे नाव आज अत्यंत आदराने घेतले जाते, त्या वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपुरात झाला. घराणे मूळचे गोव्याचे, बालपण मात्र मुंबईत, गिरगावातील चाळीत गेले. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ मध्ये त्यांनी पदविका मिळवली.

प्रारंभीच्या काळात त्यांचा अभ्यास होता तो आपल्याच परंपरेचा. जैन पोथ्यांमधील चित्रे आणि बसोली शैलीची लघुचित्रे यांतील सपाट रंग व नेमकी रेषा त्यांनी आत्मसात केली. स्विस चित्रकार पॉल क्ले यांच्या चित्रांनी त्यांना आकार सुटसुटीत करण्याची वाट दाखवली. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस मनुष्याकृती त्यांच्या चित्रांतून पूर्णपणे नाहीशी झाली आणि उरला केवळ रंग, प्रकाश व अवकाश. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणे त्यांना रुचत नसे. ती वस्तुनिरपेक्ष आहेत, अशी त्यांची धारणा होती.

हा बदल केवळ तंत्राचा नव्हता. झेन विचार, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि मुंबईतच खेतवाडीत राहणारे निसर्गदत्त महाराज यांच्या शिकवणुकीने त्यांच्या चिंतनाला दिशा दिली. कोऱ्या कागदालाही शाईच्या फटकाऱ्याइतकेच मोल देणारी चीन-जपानची चित्रदृष्टी त्यांना जवळची वाटली, आणि साठच्या दशकात त्यांनी शाईने केलेली चित्रे सुलेखनाच्या अगदी सीमेवर जाऊन थांबतात. कॅनव्हासवर मात्र ते रोलर व पॅलेट नाइफने रंगाचे थर देत, पुसत, खरवडत, पुन्हा देत. चित्र मनात पक्व होईपर्यंत दिवसच्या दिवस हात न लावता बसून राहण्याची त्यांची तयारी असे. परिणामी वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण होत.

मानसन्मान आले, पण त्यांच्यामागे ते धावले नाहीत. १९५७ मध्ये टोकियोतील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे चित्र विकत घेतले. पुढच्याच वर्षी रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते त्या शहरात गेले. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७२ मध्ये मुंबई सोडून ते दिल्लीत निजामुद्दीन भागातील लहानशा घरात राहू लागले. संसार मांडला नाही, गोतावळा वाढवला नाही. चित्रासाठी त्यांनी एकटेपण जाणीवपूर्वक पत्करले.

या निष्ठेची खरी कसोटी १९८४ मध्ये लागली. एका अपघातात त्यांच्या मानेला गंभीर दुखापत झाली आणि मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहणे अशक्य झाले. ज्याने चित्रापलीकडे काहीच जोडले नव्हते, त्याच्यासाठी हा आघात केवढा असेल! तरीही ते खचले नाहीत. लहान आकाराच्या कागदांवर शाईने त्यांनी काम सुरू केले. मोजक्या काळ्या रेषा, अक्षरासारख्या भासणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या खुणा, आणि भोवती भरपूर मोकळा कागद. जवळ रंग नव्हते, आकार मोठा नव्हता, तरी चित्र गायतोंडे यांचेच होते. काही वर्षांनी ते पुन्हा तैलरंगांकडे वळले आणि नव्वदच्या दशकापर्यंत रंगवत राहिले.

१० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. या आकड्यांची चर्चा होत राहील. पण आयुष्यातून आणि चित्रातून अनावश्यक ते सारे वगळत गेलेल्या या चित्रकाराची ओळख हवी असेल, तर त्याच्या चित्रासमोर काही काळ निवांत बसले पाहिजे.