फडावर घडलेले नाना

आमच्या ज्ञातीतील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी मावळातील लोहगड अवश्य पाहावा. तेथील मोठे टाके नाना फडणीसांनी बांधविले. बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२ साली साताऱ्यास झाला. १७५६ साली पितृछत्र हरपले आणि चौदाव्या वर्षीच फडणिशी अंगावर पडली. पद वारशाने आले. विद्या मात्र स्वतः मिळवावी लागली. त्या काळी विद्यापीठ नव्हते; पेशव्यांचा फड हीच पाठशाळा. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद यांत मुरलेल्या नानांनी पुढे बारभाईंचा कारभार सांभाळला. १८०० साली ते निवर्तले, दप्तराची शिस्त ढळली आणि १८१८ साली राज्यही गेले. त्यांच्या पत्नी जिऊबाईंना लोहगडानेच आसरा दिला. हिशेबास केवळ कारकुनी समजणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे, इतकीच आमची विनंती.