विश्लेषण : ‘अंथरुणाला खिळलेल्या’ ७१४ जणांना तपासणाऱ्या डॉ. मार्जरी वॉरन कोण होत्या?

अमेरिकेत नर्सिंग होममध्ये राहायला आलेल्या वृद्धाची पहिल्या १४ दिवसांत संपूर्ण तपासणी आणि नोंद होते. या कामासाठी स्वतंत्र परिचारिका असतात. ‘आधी प्रत्येकाला नीट तपासा, मगच काळजीची योजना ठरवा’ हा या कामामागचा विचार मात्र बराच जुना आहे. लंडनमधील एका डॉक्टरने तो १९३५ मध्ये प्रत्यक्षात आणून दाखवला होता. त्या डॉक्टर म्हणजे मार्जरी वॉरन. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राची, म्हणजेच जेरियाट्रिक्सची जननी अशी त्यांची ओळख आहे.

मार्जरी वॉरन कोण होत्या?

वॉरन यांचा जन्म १८९७ मध्ये लंडनमध्ये झाला. वडील बॅरिस्टर होते. पाच बहिणींमध्ये मार्जरी थोरल्या. रॉयल फ्री हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२३ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांचा सुरुवातीचा ओढा शस्त्रक्रियेकडे होता. १९२६ मध्ये त्या पश्चिम लंडनमधील आयझलवर्थ येथील रुग्णालयात रुजू झाल्या. हेच पुढे वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटल झाले. वृद्धांवर उपचार करायचे असे ठरवून त्या तिथे गेल्या नव्हत्या. ही जबाबदारी त्यांच्याकडे आली ती प्रशासकीय बदलामुळे.

७१४ रुग्ण आले कुठून?

ब्रिटनमध्ये गरीब, निराधार आणि आजारी लोकांना ‘वर्कहाऊस’मध्ये ठेवले जात असे. १९२९ च्या कायद्यानंतर या संस्था स्थानिक कौन्सिलांकडे आल्या. १९३५ मध्ये वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलने शेजारच्या वर्कहाऊसचे कक्ष ताब्यात घेतले आणि तिथल्या ७१४ रुग्णांची जबाबदारी वॉरन यांच्यावर पडली.

त्यांतील बरेच जण वर्षानुवर्षे खाटेवर होते. अर्धांगवायू झालेले, स्मृतिभ्रंश झालेले, हाड मोडल्यानंतर कधीच न उठलेले आणि केवळ घर नसल्याने आलेले, असे सगळे एकाच कक्षात. त्यांना जेवण मिळे, अंथरूण बदलले जाई. पण यांना नेमके काय झाले आहे, हा प्रश्न कोणी विचारत नव्हते. सगळ्यांवर एकच शिक्का होता : जुनाट आणि असाध्य.

त्यांनी नेमके काय केले?

वॉरन यांनी प्रत्येक रुग्णाची एकेक करून तपासणी केली. आजार कोणता, चालता येते का, लघवी-शौचावर नियंत्रण आहे का, मन थाऱ्यावर आहे का, हे पाहून त्यांनी रुग्णांचे पाच गट पाडले. पहिल्या गटात हिंडू-फिरू शकणारे. दुसऱ्यात खाटेवर असलेले, पण लघवी-शौचावर ताबा असलेले. तिसऱ्यात तो ताबा सुटलेले. चौथ्यात गोंधळलेले, पण शांत. पाचव्यात तीव्र स्मृतिभ्रंशामुळे वेगळे ठेवावे लागणारे.

वरवर पाहता हे साधे वर्गीकरण वाटते. पण त्यामुळे कोणाला व्यायाम हवा, कोणाला औषध, कोणाला सतत शुश्रूषा आणि कोणाला फक्त राहायला जागा, हे पहिल्यांदाच स्पष्ट झाले.

खाटेवर झोपून राहण्यात धोका काय?

वॉरन यांचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच होता. माणूस खाटेवर पडून राहिला की स्नायू झिजतात, सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात, लघवीवरचा ताबा सुटतो आणि मन खचते. मग या साऱ्याचे खापर वयावर फोडले जाते आणि रुग्णाला आणखी झोपवून ठेवले जाते. हे चक्र तोडायचे तर रुग्णाला उठवून बसवायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यासाठी कक्षही बदलले. भिंतींना उजळ रंग लागला, दिवे सुधारले, आधाराचे कठडे आणि बसायला योग्य खुर्च्या आल्या. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि समाजसेविका एकत्र काम करू लागल्या. अर्धांगवायू झालेल्या किंवा पाय कापावा लागलेल्या वृद्धांनाही पुन्हा चालायला शिकवले गेले.

परिणाम काय झाला?

वर्षानुवर्षे खाटेवर असलेले अनेक जण उठले, काही तर घरी गेले. ७१४ खाटांचे काम पुढे सुमारे २४० खाटांवर भागू लागले. उरलेल्या खाटा इतर रुग्णांसाठी मोकळ्या झाल्या. सगळेच बरे झाले, असे नाही. काहींना अखेरपर्यंत शुश्रूषा लागणारच होती. पण ते तपासणीनंतर ठरले, आधीच गृहीत धरले गेले नाही.

१९४३ आणि १९४६ मध्ये वॉरन यांनी वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहून आपली पद्धत मांडली. वृद्धांसाठी मुख्य रुग्णालयातच स्वतंत्र विभाग हवा आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना हा विषय शिकवला जावा, असा त्यांचा आग्रह होता. आज ब्रिटिश जेरियाट्रिक्स सोसायटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेच्या १९४७ मधील स्थापनेत त्यांचा सहभाग होता. १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तिच्यात या शाखेला स्थान मिळाले. १९६० मध्ये युरोपात प्रवास करत असताना झालेल्या कार अपघातात वॉरन यांचा मृत्यू झाला.

आजच्या परिचारिकांशी याचा संबंध काय?

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटे खासगी रुग्णालय. अमेरिकेत मात्र दीर्घकाळ शुश्रूषा लागणाऱ्यांच्या निवासी संस्थेला नर्सिंग होम म्हणतात. तिथल्या निकृष्ट काळजीवर टीका झाल्यानंतर १९८७ मध्ये कायदा झाला. त्यानुसार सरकारी योजनांचा निधी घेणाऱ्या संस्थांना प्रत्येक रहिवाशाची ठरावीक नमुन्यात तपासणी करावी लागते. दाखल झाल्यावर १४ दिवसांत, मग दर तीन महिन्यांनी, वर्षातून एकदा सविस्तर आणि प्रकृतीत मोठा बदल झाला तर पुन्हा.

हे काम नोंदणीकृत परिचारिकेच्या देखरेखीखाली चालते. स्वतःच्या हाताने जेवता येते का, खाटेवरून खुर्चीत बसता येते का, त्वचेवर जखम आहे का, पडण्याचा धोका किती, मन उदास आहे का, सांगितलेले शब्द थोड्या वेळाने आठवतात का, अशा नोंदी होतात. २०१० मध्ये आलेल्या नमुन्यात रहिवाशाला थेट प्रश्न विचारण्यावर भर दिला गेला. या नोंदींवरूनच काळजीची योजना ठरते.

हा कायदा वॉरन यांच्या लेखांवरून तयार झाला, असे नाही. पण तपासणीशिवाय शिक्का नको, हे सूत्र दोन्हीकडे सारखे आहे.

अडचण कुठे आहे?

१९९८ पासून अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेतून या संस्थांना मिळणारे पैसेही याच नोंदींशी जोडले गेले. त्यामुळे तपासणी करणाऱ्या परिचारिकेवर दुहेरी भार असतो. एक चुकीची नोंद झाली तर हिशेब बिघडतो आणि रहिवाशाची काळजीही. संगणकासमोर जाणारा वेळ खाटेशेजारी घालवायच्या वेळातून वजा होतो.

वॉरन यांच्याकडे ना संगणक होता, ना ठरलेला नमुना. त्यांची पद्धत सुरू व्हायची ती रुग्णाच्या खाटेशेजारी. फॉर्म कितीही पानांचा झाला तरी तो भरण्याची जागा आजही तीच आहे.