इंजिनाला शिस्त लावणारे रॉबर्ट बॉश

रुडॉल्फ डिझेल १९१३ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांचे इंजिन प्रामुख्याने कारखाने आणि जहाजे यांतच वापरले जात होते. इंधन फवारण्यासाठी त्याला दाबलेल्या हवेचे अवजड यंत्र लागे. हे इंजिन ट्रकमध्ये बसण्याजोगे झाले, त्यात रॉबर्ट बॉश या जर्मन उद्योजकाचा वाटा मोठा होता.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी उल्म शहराजवळच्या आल्बेक गावी झाला. बारा भावंडांत ते अकरावे. सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी केल्यावर त्यांनी अमेरिकेत एडिसन यांच्या कारखान्यात काम केले आणि १८८६ मध्ये स्टुटगार्टला छोटी कार्यशाळा थाटली. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोने त्यांना कीर्ती दिली. कामगारांना आठ तासांचा दिवस त्यांनी १९०६ मध्येच लागू केला.

पहिल्या महायुद्धामुळे परदेशांतील मालमत्ता आणि पेटंटे हातची गेली. अशा वेळी, १९२२ मध्ये, साठी ओलांडलेल्या बॉश यांनी डिझेलसाठी इंजेक्शन पंप तयार करण्याचा निर्णय घेतला. काम अतिशय नाजूक होते. पंपातील प्लंजर आणि त्याचे नळकांडे यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागे. १९२७ मध्ये पंपाचे नियमित उत्पादन सुरू झाले.

तथापि इंधन फवारणे एवढ्याने भागत नाही. डिझेल इंजिनाचा वेग हवेवर नव्हे, तर इंधनाच्या मापावर ठरतो. भार अचानक उतरला आणि इंधन तेवढेच मिळत राहिले, तर इंजिन वेग घेत घेत स्वतःचाच नाश करून घेते. हा अनर्थ गव्हर्नर टाळतो. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी वापरलेलेच हे तत्त्व. वेग वाढला की फिरती वजने बाहेर फेकली जातात आणि स्प्रिंगचा विरोध मोडून पंपाची रॅक मागे ओढतात. इंधन कमी होते. स्प्रिंगचा ताण कमी पडला, तर इंधन लवकर तुटते आणि गाडी चढावर दम टाकते. ताण जास्त झाला, तर इंजिन धोक्याच्या वेगाला पोहोचते. म्हणूनच ही जुळणी अंदाजाने न करता टेस्ट बेंचवर फेरे आणि इंधन मोजून करतात. नंतर कोणी स्क्रूला हात लावू नये म्हणून त्यावर सील बसवतात.

यंत्राला मर्यादा घालणे साधले, तरी राजसत्तेपुढे बॉश यांचे फारसे चालले नाही. हिटलरच्या राजवटीला त्यांचा विरोध होता. अनेक ज्यूंना त्यांनी मदत केली, हिटलरविरोधी कार्ल गोर्डेलर यांना कंपनीत सल्लागार म्हणून आश्रय दिला. त्याच वेळी त्यांच्या कारखान्यांत युद्धसामग्री तयार होत होती आणि सक्तीने आणलेले मजूर तेथे राबत होते. या विसंगतीची नोंद घेतल्याशिवाय त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही.

१२ मार्च १९४२ रोजी बॉश यांचे निधन झाले. ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांना सरकारी इतमामाने निरोप दिला. पुढे १९५१ मध्ये बंगळूरला ‘मायको’ची स्थापना झाली आणि नंतर नाशिकच्या कारखान्यात डिझेलचे नोझल तयार होऊ लागले. कंपनीचे नाव २००८ मध्ये ‘बॉश’ झाले; नाशिककर मात्र त्या चौकाला आजही मायको सर्कलच म्हणतात.