खलिफाचा ख्रिस्ती हकीम

रमजानचा चंद्र दिसायच्या आठवडाभर आधी आमच्या घरात एक वाद ठरलेला असतो. अब्बांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे, ते इन्सुलिन घेतात आणि डॉक्टर दरवर्षी सांगतात की रोजे धरू नका. अब्बा मान डोलावतात आणि सहेरीला उठून बसतात. तीन वर्षांपूर्वी तर त्यांना हट्टासाठी शास्त्राधारच मिळाला. मशिदीतल्या एका बुजुर्गांनी सांगितलं की वैद्यकीय सल्ल्यावरून रोजा सोडायचा, तर सल्ला देणारा कुशल हवा आणि मुसलमानही हवा, असं जुन्या किताबांत आहे. आमचे डॉक्टर हिंदू. चाळीस वर्षं आमच्या घरातली सगळी दुखणी त्यांनीच पाहिली. तरी अब्बांनी रोजे धरले आणि चौथ्या दिवशी असरच्या नमाजनंतर घामाघूम होऊन ओट्यावर कोसळले. तोंडात साखरेचं पाणी घालून आम्ही त्यांना रिक्षात घातलं आणि नेलं ते त्याच डॉक्टरांकडे.

बुजुर्ग काही मनचं सांगत नव्हते. हनफी धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत तशी अट खरोखरच आहे. पण दुसरंही मत तितकंच जुनं आहे: डॉक्टर जाणकार आणि भरवशाचा असला की पुरे. या मताचे उलेमा हिजरतचा दाखला देतात. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) मक्केहून मदिनेला निघाले, तेव्हा मारेकरी मागावर होते, आणि वाळवंटातली आडवाट दाखवायला त्यांनी जो वाटाड्या घेतला तो अब्दुल्लाह बिन उरैकित मुसलमान नव्हता. वाट त्याला ठाऊक होती आणि माणूस विश्वासाचा होता. मी हे अब्बांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण विचारलं, की वाटाड्या वेगळा आणि हकीम वेगळा. मुसलमानांनी आपली नाडी दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या हातात कधी दिली होती? तेव्हा मी त्यांना हुनैनची गोष्ट सांगायला बसलो.

हुनैन इब्न इसहाक इ.स. ८०९च्या सुमारास इराकमध्ये कूफ्याजवळच्या हीरा गावात जन्मला. घराणं अरब, धर्म ख्रिस्ती. बाप औषधविक्या, आपल्याकडे काष्ठौषधींचं दुकान असतं तसा धंदा. पोरगा सुर्यानी आणि अरबी बोलत मोठा झाला आणि वैद्यकी शिकायला बगदादला यूहन्ना इब्न मासवैहच्या दारात गेला. यूहन्नाही ख्रिस्तीच, जुंदिशापूरच्या नामांकित हकिमांच्या परंपरेतला. त्या काळी खलिफाच्या दरबारात जुंदिशापूरच्या ख्रिस्ती हकिमांचीच चलती होती.

हुनैनला प्रश्न फार पडत आणि तो ते विचारी. एक दिवस गुरूचा तोल सुटला. हीराच्या लोकांना वैद्यकी काय कळणार, रस्त्यावर बसून नाणी मोड, असं म्हणून त्याने हुनैनला हाकलून दिलं. पोरगा रडत बाहेर पडला. गुरू-शिष्य एकाच धर्माचे, पण आड आलं ते गाव आणि बापाचं दुकान. (जात हा शब्द मी इथे वापरत नाही, वाचकांना तो आपोआप सुचेल.)

दोन-अडीच वर्षं त्याचा पत्ता नव्हता. मग एका घरात केस वाढवलेला एक तरुण येरझारा घालत ग्रीक भाषेत होमरचं काव्य म्हणताना एकाने पाहिला आणि आवाजावरून ओळखला, असं जुने चरित्रकार सांगतात. ज्या भाषेतून सगळी वैद्यकी आली ती मुळातून शिकूनच तो परतला होता. खलिफाचा राजवैद्य जिब्रील इब्न बुख्तीशू या पोरसवदा भाषांतरकाराचं काम पाहून चकित झाला. पुढे यूहन्नानेही समेट केला आणि त्याच्याकडून पुस्तकं भाषांतरित करून घेतली.

मग आयुष्यभर हुनैनने जे काम केलं त्यावर आपल्या गल्लीतला युनानी दवाखाना आजही उभा आहे. ग्रीक वैद्य गॅलन, ज्याला आपले हकीम जालीनूस म्हणतात, त्याचे ग्रंथ त्याने सुर्यानी आणि अरबीत आणले. मुलगा इसहाक आणि भाचा हुबैश मदतीला होते. एका ग्रंथाच्या तीन-चार हस्तप्रती गोळा करायच्या, शब्दन् शब्द ताडून आधी शुद्ध पाठ ठरवायचा आणि नंतरच लेखणी उचलायची, ही त्याची पद्धत. गॅलनचा एक ग्रंथ मिळवायला तो इराक, शाम, फलस्तीन पालथं घालून इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियापर्यंत गेला. हाती लागला तो जेमतेम अर्धा, तोही दमिश्कमध्ये. गॅलनच्या १२९ ग्रंथांची यादी, त्यातला कोणता कोणी कोणासाठी भाषांतरित केला या तपशिलासह, त्याने लिहून ठेवली आहे. पैसा मुसलमान आणि ख्रिस्ती अशा दोन्ही आश्रयदात्यांचा, लेखणी ख्रिस्त्याची आणि मूळ लेखक गॅलन तर यांपैकी कोणत्याच धर्माचा नव्हे. युनानी दुकानात जवारिश जालीनूसची डबी मिळते, ती पोटासाठी घेणाऱ्या आमच्या नानीला हे कधी कळलं नाही. ती म्हणायची, जालीनूस कोणी मोठे वली असावेत.

(युनानी आणि यवन हे शब्द एकाच मुळाचे, म्हणजे ग्रीकांचे. आपल्या बखरकारांनी यवन हा शब्द मुसलमानांना लावला. माझे विद्यार्थी यावर दरवर्षी हसतात.)

हुनैनच्या काळातली आणखी एक हकिकत इथे सांगायलाच हवी. बसऱ्याच्या जाहिज या लेखकाने कंजूष लोकांवर एक खुसखुशीत पुस्तक लिहिलं, त्यात असद बिन जानी नावाचा हकीम भेटतो. साथीचं वर्ष, घराघरांत आजारी माणसं आणि असदच्या दवाखान्यात मात्र शुकशुकाट. कोणी कारण विचारलं तर असदने सांगितलं की आपण मुसलमान आहोत हेच कारण आहे. मुसलमानाला वैद्यकी जमत नाही हे लोकांनी आपल्या जन्माआधीच ठरवून टाकलेलं. शिवाय नाव असद, ते जिब्रील किंवा यूहन्ना असायला हवं होतं. अंगावर पांढरं सुती, ते काळं रेशमी हवं होतं. भाषा शुद्ध अरबी, ती जुंदिशापूरची हवी होती.

मुसलमानांच्या साम्राज्यात मुसलमान रोग्यांनी मुसलमान हकिमाकडे पाठ फिरवली, कारण पाटीवरचं नाव पटेना. जाहिजला विनोद करायचा होता आणि मलाही पहिल्यांदा वाचताना हसू आलं. मग माझी एक जुनी विद्यार्थिनी आठवली. आता डॉक्टर आहे. शहराच्या नव्या भागात तिने दवाखाना काढला तेव्हा पाटीवर एका फुलाचं नाव मोठ्या अक्षरांत घातलं आणि स्वतःचं नाव खाली, बारीक. पाच वर्षांत गर्दी वाढली, तरी अक्षरं तेवढीच आहेत. मी एकदा त्याबद्दल विचारलं, तिने विषय बदलला.

हुनैनचं नाव त्या काळच्या पाटीवर अगदी शोभणारं होतं, पण त्याचा धर्मच एक दिवस त्याच्यावर उलटला. खलिफा मुतवक्किल ८४७ साली गादीवर आला. हा कडक माणूस. ८५० साली त्याने ख्रिस्ती आणि यहुदी प्रजेवर मधाच्या रंगाचे वेगळे कपडे घालण्याची सक्ती केली, पुढे घोड्यावर बसायलाही बंदी केली. आणि स्वतःच्या औषधाची वाटी मात्र ख्रिस्ती हकिमांच्याच हातून घेतली! हे मला आजही गमतीचं वाटत नाही, अपमानाचं वाटतं. त्या हकिमांना काय वाटलं असेल कोण जाणे.

खलिफाच्या मनात संशय शिरला, की रूमच्या ख्रिस्ती बादशहाने या माणसाकरवी आपल्यावर विषप्रयोग केला तर? त्याने हुनैनला बोलावलं, मानाचा पोशाख दिला, पन्नास हजार दिरहमांची जहागीर दिली आणि हळूच सांगितलं की एका शत्रूला गुपचूप संपवायचं आहे, तसं औषध बनवून दे. हुनैनने सांगितलं की आपण फक्त उपकारक औषधं शिकलो, दुसरी शिकायची कधी कल्पनाच केली नाही. लालूच झाली, धमक्या झाल्या. शेवटी त्याला किल्ल्यात डांबलं. वर्षभर तो तिथे भाषांतरं आणि टिपणं करत बसला.

वर्षानंतर त्याला पुन्हा समोर आणलं. एका बाजूला धनदौलत, दुसऱ्या बाजूला तलवार, छळाची हत्यारं आणि मुंडकं उडवताना खाली अंथरतात ती चामड्याची चटई. उत्तर तेच. तेव्हा खलिफा हसला, ही परीक्षा होती म्हणाला आणि एवढं अडून राहण्याचं कारण विचारलं. हुनैनने दोन कारणं दिली: धर्म आणि धंदा. धर्म शत्रूचंही भलं करायला सांगतो, मग मित्रांचं काय सांगावं. आणि वैद्यकी माणसांच्या भल्यासाठी आहे, प्राणघातक औषध कोणाला देणार नाही अशी वैद्याची शपथ असते.

ही गोष्ट तेराव्या शतकातल्या इब्न अबी उसैबिआने हकिमांच्या चरित्रग्रंथात नोंदवली. तो स्वतः दमिश्कचा मुसलमान हकीम. मला यात खलिफाचा प्रश्न अब्बांच्या प्रश्नापेक्षा फार वेगळा वाटत नाही. दोघांनाही हकिमाचा धर्म खुपत होता. फरक इतकाच, की खलिफाने श्रद्धा कोणती हे विचारणं सोडून ती श्रद्धा हकिमाचा हात कुठे धरते ते पाहिलं. परीक्षेची त्याची रीत क्रूर होती, आणि एका निरपराध माणसाचं वर्ष तुरुंगात गेलं हे विसरू नये.

हुनैनला खरी जखम केली ती त्याच्याच माणसांनी. दरबारातल्या ख्रिस्ती हकिमांना त्याचा मत्सर वाटे. त्याच्या नावावर एक आत्मकथन आहे, त्यानुसार त्यांनी डाव रचून त्याला मरियमच्या चित्रावर थुंकायला लावलं आणि धर्मद्रोही ठरवलं. त्यांच्याच धर्मगुरूने दोषी ठरवलं, खलिफाने फटके मारून कैदेत टाकलं, घर लुटलं गेलं आणि ग्रंथसंग्रह गेला. काही महिन्यांनी सुटका झाली, मान परत मिळाला. पुस्तकं कुठे मिळाली? गॅलनची ती यादी त्याने बरीचशी आठवणीतून लिहिली आहे आणि मध्येच, सहज बोलल्यासारखा, आपली पुस्तकं गेल्याचं सांगतो.

माणूस शौकीनही होता. रोज घोड्यावरून रपेट, मग हमाम, मग जेवण, झोप, उठल्यावर जुनी मदिरा आणि शामची सफरचंदं. रमजानच्या पानावर मदिरेचा उल्लेख करावा की नाही याचा मी थोडा विचार केला. पण चरित्रकोशात आहे ते आहे.

८७३ साली तो वारला. वैद्यकीची तोंडओळख करून देणारं त्याचं पुस्तक लॅटिनमध्ये गेलं आणि युरोपातल्या विद्यार्थ्यांनी शतकानुशतकं घोकलं. डोळ्यावरचे त्याचे दहा प्रबंध १९२८ साली कैरोत छापले गेले. ते संपादित केले माक्स मायरहोफ यांनी. जर्मनीहून येऊन कैरोत स्थायिक झालेले ज्यू नेत्रवैद्य.

अब्बांनी सगळं ऐकलं. हुनैनबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं की त्या असद बिन जानीचं पुढे काय झालं, कोणी आलं का त्याच्याकडे? जाहिजने ते लिहिलेलं नाही. यंदा अब्बा रोजे धरत नाहीत, प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाच्या जेवणाचा फिदया देतात. सहेरीला मात्र उठतात. आम्हाला उठवायला कोणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं आहे.