डोंगराने झपाटलेला माणूस

काही माणसांच्या पायाला जन्मतःच भिंगरी असते. घर त्यांना धरून ठेवू शकत नाही. लोक अशा माणसाला वेडा म्हणतात, आणि तो गेल्यावर त्याच वेडाचे कौतुक करतात. गोपाळ नीळकंठ दांडेकर, म्हणजेच मराठी वाचकांचे गोनीदा, हे असेच एक वेडे. त्यांना वेड होते डोंगरांचे. ते वेड त्यांनी पुस्तकांतून वाटले, म्हणूनच सह्याद्री कधीही न पाहिलेल्या माझ्यासारख्या यवतमाळच्या मुलीलाही ते लागले.

गोनीदांना आपण पुण्या-मावळाकडचे समजतो. पण त्यांचा जन्म आपल्या विदर्भातला! ८ जुलै १९१६ रोजी अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे ते जन्मले. परतवाडा म्हणजे सातपुड्याचा पायथा. तिथून वर चिखलदऱ्याकडे घाट चढतो आणि पुढे जंगलात गाविलगडाचा किल्ला उभा आहे. ज्याने पुढे आयुष्यभर किल्ले धुंडाळले, तो डोंगराच्या सावलीतच जन्माला यावा, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

सातवीत शिकणारा हा मुलगा वयाच्या तेराव्या वर्षी घरातून पळाला. स्वातंत्र्याच्या चळवळीने देश पेटला होता आणि त्या हाकेने तो बाहेर पडला. शाळा सुटली ती कायमचीच. पुढे गाडगेमहाराजांच्या सहवासात तो गावोगाव हिंडला. हातात खराटा घेऊन गाव झाडणारे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडणारे गाडगेबाबा हेच त्याचे विद्यापीठ झाले. मग वेदान्ताचा अभ्यास झाला, पायी नर्मदा परिक्रमा झाली. एका बाजूला विंध्य, दुसऱ्या बाजूला सातपुडा, मधून वाहणारी नर्मदा आणि काठाकाठाने भिक्षा मागत जाणारा वाटसरू! उद्याच्या भाकरीची खात्री नाही, रात्रीच्या निवाऱ्याची नाही. या भटकंतीतूनच पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आली.

१९४७ साली त्यांनी केवळ लेखणीवर जगायचे ठरविले आणि पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे बिऱ्हाड मांडले. सातवीही पुरी न झालेल्या माणसाने लेखनावर संसार चालवायचा, हे धाडस एखादा कडा चढण्याहून कमी नव्हते. घर झाले, पण पाय घरात ठरले नाहीत. मावळातले किल्ले जवळ आले होते. राजगडावर तर त्यांचा जीव जडला. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला असा हा गड. शिवाजीमहाराजांची राजधानी रायगडी जाण्यापूर्वी ती इथे होती. गोनीदा तिथे पुन्हापुन्हा गेले, मुक्कामाला राहिले, तरुणांनाही घेऊन गेले. किल्ला म्हणजे पडके दगड नव्हेत, तिथे राबलेल्या आणि मेलेल्या माणसांची ती आठवण आहे, ही दृष्टी त्यांनी ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ या पुस्तकांतून मराठी वाचकाला दिली.

मला विशेष वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. गोनीदांनी डोंगराची नुसती आरती ओवाळली नाही. डोंगर काय देतो हे त्यांनी सांगितले, तसे तो काय घेतो हेही सांगितले. ‘पवनाकाठचा धोंडी’ मधला धोंडी आपल्या गडाच्या अभिमानापायी झुरतो. ‘माचीवरला बुधा’ मधला म्हातारा मुंबई सोडून राजमाचीच्या रानात परततो. झाडे, पाखरे, जनावरे हेच त्याचे गणगोत होते, पण माणसांशी नाते तुटते ते तुटतेच. त्याच माचीवर तो देह ठेवतो. आणि ‘जैत रे जैत’ मधला ठाकर नाग्या! डोंगरकड्यावरच्या राणीमाशीने त्याचा डोळा घेतलेला. त्या पोळ्यांचा सूड घेतल्याशिवाय त्याला चैन नाही. तो जिंकतो, पण त्याच्या जिवाची चिंधी माश्यांच्या डंखांनी मरते. जब्बार पटेल यांनी १९७७ साली याच कादंबरीवर चित्रपट काढला. कड्यावर जीत होते आणि खाली हातातले सर्वस्व जाते, हे वाचून मी किती तरी वेळ पुस्तक मिटून बसले होते.

जगातही हेच घडत आले आहे. जॉर्ज मॅलरी हा इंग्रज शिक्षक १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झाला. घरी बायको आणि तीन मुले होती. त्याचा देह सापडला तो १९९९ साली, म्हणजे पंचाहत्तर वर्षांनी. मॉरिस हेर्झोग या फ्रेंच गिर्यारोहकाने १९५० साली अन्नपूर्णा सर केली, पण हिमदंशाने हातापायांची बोटे गमावली. रुग्णालयात पडल्यापडल्या त्याने त्या चढाईचे पुस्तक सांगून लिहविले. ते पुस्तक वाचून लोक डोंगराला भ्यायला हवे होते. झाले उलटेच! कित्येक तरुणांना त्यातूनच डोंगराचे वेड लागले. अशा पुस्तकांची मोहिनीच अशी की धोका जितका खरा, तितकी ओढ अधिक.

मी ही सारी कथा माझ्या आईला सांगितली. तिला अक्षरओळख नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तिने गडाविषयी काही विचारले नाही, पुरस्काराविषयी विचारले नाही. तेरा वर्षांचे लेकरू निघून गेल्यावर त्याच्या मायने दिवस कसे काढले असतील, एवढेच तिने विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण तो प्रश्न माझ्यासाठीही आहे, हे मला कळले. मी रोज एस.टी.ने यवतमाळला येते, तेव्हा शेतात पऱ्हाटी वेचायला दोन हात कमी असतात. उद्या एम.ए.साठी आणखी दूर गेले, तर घर आणखी रिकामे होईल. डोंगर काय किंवा पुस्तक काय, ज्याला ते बोलावते तो निघतो आणि किंमत मागे राहिलेलेही मोजतात.

मग अशा वेडाला अर्थ कोणता? मला वाटते, गोनीदांनी याचे उत्तर आपल्या जगण्यातून दिले. ते जे जे पाहून आले, ते घेऊन परत आले. ‘पूर्णामायची लेकरं’ लिहिताना ते आपल्या वऱ्हाडात, आपल्या वऱ्हाडी बोलीत परतले. पायथ्याची माणसे, ठाकर, मावळे, शेतकरी यांना त्यांनी पुस्तकात मानाचे पान दिले. १९७६ साली ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनपर ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पळून गेलेल्या मुलाने आपल्या भटकंतीचा हिशेब समाजापुढे मांडला होता आणि समाजाने तो मान्य केला.

१ जून १९९८ रोजी गोनीदा गेले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आमच्या जिल्ह्यात पुसद-उमरखेडकडे अजिंठ्याच्या रांगेचे डोंगर आहेत, राजगडाएवढे उंच नाहीत. पण चढण सर्वत्र सारखीच दम काढते. मित्रमैत्रिणींनो, ज्याला चढायचे आहे त्याने खुशाल चढावे. फक्त वर पोचल्यावर खाली कोण वाट पाहत आहे ते विसरू नये, आणि उतरताना त्यांच्यासाठी काहीतरी घेऊन यावे. मी जाणार आहे, हे मी आईला सांगितले आहे. परत येईन, हेही सांगितले आहे.