लहान चणीची संत बेर्नादेत

ठेंगणी स्त्री एक तर दबून राहते, नाही तर ती उणीव भरून काढण्याकरिता तोंडाळ होते, असे पुष्कळदा बोलले जाते. हे बोल आपल्या मुलींच्याही कानी पडतात. त्यांची पारख करावयाची झाल्यास लूर्डच्या बेर्नादेत सुबिरू हिचे चरित्र पाहावे.

तिचा जन्म 7 जानेवारी 1844 रोजी फ्रान्स देशात झाला. बाप गिरणीवाला. गोंदियाच्या ह्या धानाच्या मुलखात, गिरणी बुडाली म्हणजे घर कसे बसते हे सांगावयास नको. सुबिरू कुटुंब अखेर जुन्या तुरुंगाच्या एका कोठडीत येऊन राहिले. 1855 सालची पटकी, दमा व उपासमार ह्यांनी पोरीचा देह खंगला. तिची उंची अवघी 1.40 मीटर, म्हणजे साडेचार फुटांहून किंचित अधिक होती.

11 फेब्रुवारी 1858 पासून तिला गुहेत पवित्र मातेची दर्शने होऊ लागली. पोलीस अधिकारी जाकोमे ह्याने तिची जबानी घेतली व ती फिरवून वाचून दाखविली. चौदा वर्षांच्या त्या निरक्षर मुलीने प्रत्येक फेरफार तिथल्या तिथे दुरुस्त केला. सरकारी वकिलाच्या घरी आईला ताटकळत उभे केल्यानंतर खुर्च्या देऊ केल्या, तेव्हा ती खुर्ची नाकारून जमिनीवर बसली. 2 मार्च रोजी धिप्पाड व करड्या आवाजाचे धर्मगुरू पेरामाल तिच्यावर गरजले. ती घाबरली व मंदिराविषयीचा निरोप सांगावयाचे विसरली. सोबतच्या मावशा पुन्हा येण्यास धजेनात. परंतु त्याच सायंकाळी दुसरी सोबत घेऊन ती परत गेली व राहिलेला निरोप पुरा केला.

तिने कोणाशी वाद घातला नाही, कोणाचा पैसा घेतला नाही. जे पाहिले ते सांगणे एवढेच आपले काम, ते इतरांस पटविणे नव्हे, असे ती मानी. हट्टीपणा व तापटपणा हे दोष तिच्या ठायी होते. ते ती स्वतः कबूल करी. परंतु तिचे धैर्य त्या दोषांतून आले नाही, की उंचीची भरपाई म्हणूनही आले नाही. ते सत्यावरील निष्ठेतून आले.

1866 साली ती नेव्हेर येथील मठात गेली. तेथे रुग्णसेवा करून, स्वतः दीर्घ आजार सोसून, 16 एप्रिल 1879 रोजी पस्तिसाव्या वर्षी निवर्तली. 8 डिसेंबर 1933 रोजी पोप अकरावे पायस ह्यांनी तीस संतपद दिले.

मातांनो, मुलीची उंची भिंतीवर खुणा करून मोजा. तिचे मोल मात्र त्या खुणांवरून ठरवू नका.