छात्रालयातील साने गुरुजी

कोकणात, दापोली तालुक्यात पालगड नावाचे एक लहानसे गाव आहे. या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. साने यांचे घराणे खोतांचे. एके काळी घरात संपन्नता नांदत होती. परंतु पांडुरंगाचे वडील सदाशिवराव यांच्या वेळी ती ओसरली, कर्ज झाले, आणि पुढे राहत्या घरावरही जप्ती आली. आई यशोदाबाई यांनी या पडत्या काळात संसार सांभाळला. मुलांना गोडधोड देता येत नव्हते, पण दुसऱ्याचे दुःख आपले मानावे ही शिकवण त्यांनी रोजच्या लहानसहान कामांतून मुलांना दिली.

पालगडची शाळा संपल्यावर पांडुरंग दापोलीच्या मिशन शाळेत इंग्रजी शिकू लागला. थोड्याच वर्षांत घरची ओढग्रस्त इतकी वाढली, की वडिलांना त्याच्या शिक्षणाचा खर्च झेपेना. सातारा भागातील औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे त्याच्या कानी आले, आणि हा कोवळ्या वयाचा मुलगा ओळखदेख नसलेल्या त्या गावी जाऊन राहिला. तेथे स्वतःच्या हातांनी भाकरी भाजावी, मिळेल त्यात भागवावे, भुकेल्या पोटी अभ्यासाला बसावे, असे दिवस त्याने काढले. औंधात प्लेगची साथ आली, तेव्हा तेथूनही निघावे लागले. मग तो पुण्यास नूतन मराठी विद्यालयात दाखल झाला. पुण्यात असतानाच, १९१७ च्या नोव्हेंबर महिन्यात, त्याची आई वारली. शेवटची भेटही झाली नाही. हे दुःख त्याच्या अंतःकरणात जन्मभर राहिले.

पुढे १९१८ साली पांडुरंग मॅट्रिक झाला, १९२२ साली बी. ए. आणि १९२४ साली एम. ए. या परीक्षा उत्तीर्ण झाला. त्या काळी एम. ए. झालेल्या तरुणाला चांगल्या पगाराची नोकरी मिळविणे कठीण नव्हते. त्यांनी मात्र शिक्षकाचा पेशा पत्करला.

खानदेशात बोरी नदीच्या काठी अमळनेर हे गाव आहे. संत सखाराम महाराजांची समाधी आणि प्रताप शेठजींची कापडगिरणी यांमुळे हे गाव प्रसिद्ध झाले. शेठजींना विद्येची मोठी आवड होती. त्यांनी अमळनेरला तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी एक मंदिर उभारले होते, आणि त्याच निमित्ताने साने प्रथम या गावी आले. तेथील शाळा खानदेश एज्युकेशन सोसायटी या खाजगी संस्थेची होती. पुढे ती प्रताप हायस्कूल या नावाने ओळखली जाऊ लागली. १९२४ च्या जून महिन्यात साने या शाळेत शिक्षक झाले.

गावातील मुले शाळा सुटली की आपापल्या घरी जात. परंतु आजूबाजूच्या खेड्यांत त्या काळी हायस्कूल नसल्यामुळे दूरदूरची शेतकऱ्यांची व गोरगरिबांची मुलेही अमळनेरला येत. ही मुले शाळेच्या छात्रालयात राहत. अकरा-बारा वर्षांचा मुलगा प्रथमच आईपासून दूर येतो, तेव्हा त्याची काय अवस्था होते हे सांगण्याची गरज नाही. दिवस शाळेत निघून जातो; कंदील लागल्यावर मात्र घर आठवते. अशा मुलांच्या छात्रालयाची व्यवस्था साने यांच्याकडे आली.

साने स्वभावाने अतिशय लाजाळू होते. चार मोठ्या माणसांत बोलण्यास ते संकोचत. अशा मनुष्याच्या हाती खोडकर मुलांचे छात्रालय कसे चालेल, अशी शंका कोणासही आली असती. छात्रालय चालवायचे म्हणजे धाक हवा, छडी हवी, दंड हवा, ही त्या वेळची सर्वसाधारण समजूत होती. साने यांनी या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवल्या आणि ते स्वतः कामाला लागले. मुले शाळेत गेली, की ते त्यांच्या खोल्या झाडून काढीत. पसरलेली अंथरुणे नीट गुंडाळून ठेवीत, कंदिलांच्या काजळलेल्या काचा पुसून लख्ख करीत, इकडेतिकडे पडलेले मळके कपडे धुऊन वाळत घालीत. मुले परत येऊन पाहत, तो खोली स्वच्छ झालेली असे. हे कोणी केले याचा उलगडा होण्यास वेळ लागला नाही. मग मुलांना स्वतःचीच लाज वाटू लागली. आपले शिक्षक, एम. ए. झालेले, आपली धोतरे धुतात हे त्यांना पाहवेना. हळूहळू एकेक मुलगा आपली खोली आपणच झाडू लागला. शिक्षा करून हे घडविता आले असते काय? कदाचित आलेही असते. पण ते शिक्षक समोर असेपर्यंतच टिकले असते.

एखादा मुलगा आजारी पडला, की साने त्याच्या उशाशी बसत. त्याला औषध देत, कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवीत, रात्र रात्र जागत. ज्याची फी भरली गेली नसेल त्याची फी ते आपल्या पगारातून भरीत. कोणाला पुस्तक घेऊन देत, कोणाला कपडा. स्वतः मात्र ते खादीचे साधे कपडे वापरीत. त्यांच्या पगारातले त्यांच्यापाशी फारसे काही उरत नसे. औंधात व पुण्यात उपाशी राहून शिकलेला पांडुरंग त्यांच्या मनातून कधीच गेला नव्हता. तीच भूक, तोच एकाकीपणा या मुलांच्या वाट्यास येऊ नये, अशी त्यांची धडपड होती.

मुलांना जेवणखाण आणि माया मिळाली म्हणजे छात्रालयाचे काम संपले, असे मात्र ते मानीत नसत. मुलांची मनेही भरली पाहिजेत, असे त्यांना वाटे. शाळेच्या पुस्तकांत जे नसते ते मुलांना कोण सांगणार? यासाठी त्यांनी एक विलक्षण उपक्रम सुरू केला. भल्या पहाटे उठून ते एक दैनिक हाताने लिहून काढीत आणि ते मुलांना वाचता येईल असे लावून ठेवीत. या दैनिकाचे नाव छात्रालय असेच होते. जगातील घडामोडी, थोर स्त्रीपुरुषांची चरित्रे, गोष्टी, सुंदर विचार असे नाना प्रकारचे लेखन त्यात असे. एका माणसाने, एका छात्रालयासाठी, शाळेचे सगळे काम सांभाळून रोज दैनिक लिहावे, ही गोष्ट सोपी नव्हे. तेथेच साने यांच्या लेखणीला खरे वळण लागले. मुलांना कळेल असे, सरळ आणि ओघवते मराठी त्यांनी पुढे जन्मभर लिहिले, त्याचा सराव या पहाटेच्या लेखनात झाला. १९२८ साली त्यांनी विद्यार्थी नावाचे मासिक काढले, आणि छात्रालयाच्या भिंतींच्या आतले हे शिक्षण बाहेरच्या मुलांपर्यंतही पोहोचू लागले.

अशी सहा वर्षे गेली. १९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला आणि देशात सर्वत्र चळवळ पेटली. साने यांच्यापुढे अवघड प्रश्न उभा राहिला. एकीकडे देशाची हाक होती, दुसरीकडे लळा लागलेली मुले होती. ज्याने मुलांना देशासाठी झटणाऱ्यांच्या गोष्टी रोज वाचावयास दिल्या, त्याने वेळ येताच घरात बसून राहावे हे त्यांना पटेना. अखेर त्याच वर्षी त्यांनी शाळा सोडली आणि ते सत्याग्रहात सामील झाले. लवकरच त्यांना पकडण्यात आले व तुरुंगवासाची शिक्षा झाली. शाळेतील नोकरी त्यांनी पुन्हा कधी केली नाही.

त्यांचे शिकणे आणि शिकविणे मात्र तुरुंगातही चालूच राहिले. त्यांना धुळ्याहून दूर दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात नेण्यात आले. तेथे निरनिराळ्या प्रांतांतील सत्याग्रही एकत्र आले होते. त्यांच्या सहवासात साने इतर भाषा शिकू लागले. तमिळ भाषेतील कुरल या प्राचीन ग्रंथाचे त्यांनी पुढे मराठीत भाषांतर केले. १९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात असताना विनोबा भावे दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत. ती अठरा प्रवचने साने यांनी लिहून घेतली, म्हणूनच ती आज आपणांस वाचावयास मिळतात. नंतर नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात, अवघ्या पाच दिवसांत त्यांनी श्यामची आई हे पुस्तक लिहिले. आश्रमात रात्री प्रार्थनेनंतर श्याम आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, अशी त्याची रचना आहे. धडपडणारी मुले या कादंबरीत तर अमळनेरच्या छात्रालयातील जीवनच त्यांनी रंगविले आहे.

आता सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणू लागला होता. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे यासाठी त्यांनी गावोगाव फिरून लोकांची मने वळविली, आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास उपोषण केले. मंदिराचे दार उघडण्याचे ठरले तेव्हाच ते सुटले. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, त्यांनी मुंबईत साधना हे साप्ताहिक सुरू केले.

त्यांच्या मनात शेवटपर्यंत एक कल्पना घोळत होती. तिला त्यांनी आंतरभारती असे नाव दिले होते. भारतातील निरनिराळ्या प्रांतांच्या मुलामुलींनी एकत्र यावे, एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांची गाणी व गोष्टी जाणून घ्याव्यात, अशी ही योजना होती. अमळनेरला खेड्यापाड्यांतील मुले एका छताखाली आली होती. येथे सारा देश एका छताखाली यावयाचा होता. १९४९ साली पुण्यास भरलेल्या साहित्य संमेलनात त्यांनी ही कल्पना मांडली आणि तिच्यासाठी निधी जमविण्यास आरंभ केला. परंतु ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे हे काम त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले, आणि त्यांतील काही जण स्वतः गुरुजींचे विद्यार्थी होते.